ठोके वाढत नव्हते, म्हणून मी वेग वाढवला

एका व्यायाम प्रशिक्षकाचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा येथे देते.

"सहा वर्षे मी व्यायाम प्रशिक्षक म्हणून काम करतो आहे. सुरुवातीला माझ्याकडे तरुण मंडळी यायची. आता निम्म्याहून अधिक लोक मधुमेह, रक्तदाब, संधिवात, हृदयविकार असे काही ना काही घेऊन येतात. दोन महिन्यांपूर्वी 58 वर्षांचे एक गृहस्थ आले. त्यांच्या बायपासला दोन वर्षे झाली होती आणि 'डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितले आहे' एवढेच ते म्हणाले. वयावरून हिशेब करून मी त्यांच्यासाठी मिनिटाला 130 ठोक्यांचे लक्ष्य ठरवले, पण ट्रेडमिलवर त्यांच्या घड्याळातला आकडा 104 च्या पुढे जाईना. ते अंगचोरी करत आहेत असे वाटून मी वेग वाढवत गेलो. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला तेव्हा मी घाबरून यंत्र एकदम बंद केले आणि ते कोसळले. काही क्षणांत शुद्धीवर आले, रुग्णालयातल्या तपासण्यांतही गंभीर काही निघाले नाही. पण माझी झोप उडाली आहे. आता एका ऑनलाइन अभ्यासक्रमाची जाहिरात पाहिली, त्यात दोन दिवसांत 'वैद्यकीय व्यायामतज्ज्ञ' असे प्रमाणपत्र मिळते. तो करावा, की आजारी लोकांना घेणेच बंद करावे? ते गृहस्थ मात्र परत यायचे म्हणत आहेत."

सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्यापुढे दोन पर्याय ठेवले आहेत आणि मला त्यांतला एकही मान्य नाही. पण पर्यायांकडे वळण्याआधी त्या दिवशी नेमके काय झाले ते समजून घेऊ, कारण तुम्हाला कोणत्या प्रशिक्षणाची गरज आहे याचे उत्तर त्या प्रसंगातच आहे.

बायपास झालेल्या अनेक रुग्णांना बीटा ब्लॉकर गटातले औषध चालू असते. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अटेनोलॉल अशी त्यांची नावे असतात आणि बहुतेकांचा शेवट 'लॉल' असा होतो, एवढे लक्षात ठेवले तरी गोळ्यांच्या पाकिटावर ती ओळखता येतात. ॲड्रेनालिनसारख्या संप्रेरकांचा हृदयावर होणारा परिणाम ही औषधे अडवतात, त्यामुळे माणूस कितीही जोरात चालला तरी त्याचे ठोके एका मर्यादेपलीकडे जात नाहीत. तुमच्या गृहस्थांना असे औषध चालू असेल, आणि ती शक्यता बरीच आहे, तर 104 हा आकडा आळसाचा नव्हता. कदाचित ते त्यांच्या ताकदीच्या टोकाला पोहोचलेले होते. 220 मधून वय वजा करून ठोक्यांची कमाल मर्यादा काढायची आणि तिच्या काही टक्क्यांवर लक्ष्य ठरवायचे, हे सूत्र निरोगी माणसातही सहज दहा-बारा ठोक्यांनी चुकते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या माणसासाठी तर ते वापरूच नये. अशा वेळी कष्टाचे माप घड्याळाकडून न घेता माणसाकडून घ्यायचे असते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी त्यासाठी 6 ते 20 आकड्यांची मोजपट्टी तयार केली: 6 म्हणजे पूर्ण विश्रांती, 20 म्हणजे याहून अधिक शक्यच नाही, आणि 13 च्या आसपास 'थोडे कष्टाचे वाटते आहे'. ही मोजपट्टी मोठ्या अक्षरांत छापून यंत्रासमोर लावायची आणि दर दोन-तीन मिनिटांनी आकडा विचारायचा. त्याच्या जोडीला बोलण्याची कसोटी आहेच. चालता चालता माणसाला एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त झाला आहे.

आता कोसळण्याविषयी. व्यायामात पायांच्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावत पावत तिथले रक्त वर हृदयाकडे ढकलत असतात. यंत्र एकदम थांबले की तो पंप थांबतो, रुंदावलेल्या वाहिन्यांत रक्त साचते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते, रक्तदाब झपकन उतरतो आणि मेंदूला रक्त कमी पडून भोवळ येते. त्यातच रक्तवाहिन्या सैल करणारे औषध चालू असेल आणि ठोके वाढवून भरपाई करण्याची वाट बीटा ब्लॉकरने अडवलेली असेल, तर उतार आणखी तीव्र होतो. म्हणून असा व्यायाम पाच ते दहा मिनिटे वेग उतरवत उतरवत संपवायचा असतो. चेहरा उतरलेला दिसला तर पहिल्यांदा वेग कमी करून माणसाला चालते ठेवायचे. तोल जाऊ लागलाच, तर त्याला धरून यंत्र थांबवायचे आणि लगेच आडवे झोपवायचे, उभे ठेवायचे नाही. मात्र हृदयविकाराच्या माणसाला आलेली प्रत्येक भोवळ रक्त साचल्यामुळेच आली असे आपण ठरवू नये. त्यामागे ठोक्यांची लय बिघडणे हेही कारण असू शकते, आणि म्हणून तुम्ही त्यांना रुग्णालयात पाठवले हे अगदी योग्य केलेत.

तुमच्या हेतूत खोट नव्हती. तुम्हाला व्यायाम शिकवता येत होता. समोरच्या माणसाचे औषध त्या व्यायामात काय बदल करते, हे तुम्हाला कोणी शिकवले नव्हते. नेमकी हीच पोकळी दोन दिवसांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाने भरत नाही. अशा बऱ्याच अभ्यासक्रमांत आजारांची यादी असते आणि प्रत्येक आजारासमोर 'हे करा, ते करू नका' असे दोन रकाने असतात. पण आपल्याकडे येणाऱ्या माणसाला एकच आजार क्वचित असतो. मधुमेह, गुडघेदुखी आणि रक्तदाब एकत्र घेऊन तो येतो, आणि एका रकान्यातले 'करा' दुसऱ्या रकान्यातल्या 'करू नका'ला छेद देते. तेव्हा यादी कामाला येत नाही, शरीरशास्त्राची समज कामाला येते.

एखादा अभ्यासक्रम निवडताना मी त्याचे नाव किंवा प्रमाणपत्रावरची मोहोर पाहत नाही. मी विचारते की प्रत्यक्ष रुग्णांबरोबर, जाणकाराच्या देखरेखीखाली, किती तास काम करावे लागते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन ही 1954 मध्ये स्थापन झालेली संस्था निरोगी लोकांच्या प्रशिक्षकासाठी वेगळी पात्रता ठेवते आणि रुग्णांबरोबर काम करणाऱ्या क्लिनिकल व्यायाम शरीरक्रियातज्ज्ञासाठी वेगळी. या दुसऱ्या पात्रतेसाठी विद्यापीठाची पदवी तर लागतेच, शिवाय शेकडो तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. तुम्ही उद्याच त्या पायरीवर पोहोचावे असे मी म्हणत नाही. पण शिखर किती उंच आहे हे माहीत असले, की दोन दिवसांत तेथे नेण्याचे आश्वासन देणाऱ्याला काय म्हणायचे ते आपोआप समजते. दुसरा प्रश्न परीक्षेचा. केवळ पर्याय निवडण्याची परीक्षा असेल, तर तुम्हाला रक्तदाब मोजता येतो की नाही हे कोणीच पाहिलेले नसते. आणि तिसरा प्रश्न असा की शिकवणाऱ्यांत डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट किंवा हृदय पुनर्वसन विभागात काम केलेले कोणी आहे का.

रक्तदाबाचे नाव निघाले म्हणून सांगते. यंत्राने आकडा दाखवण्यापूर्वीची ही विद्या आहे. 1905 मध्ये निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरांनी दंडाला बांधलेल्या पट्ट्याखालून ऐकू येणाऱ्या आवाजांचे वर्णन केले आणि आजही हाताने रक्तदाब मोजणारा प्रत्येक जण तेच आवाज ऐकतो. मी ते शिकले तेव्हा पहिले दोन आठवडे मला काहीच ऐकू येत नव्हते. पट्टा फुगवायचा, हळूहळू हवा सोडायची, कान टवकारायचे, आणि स्टेथोस्कोपच्या नळीत फक्त माझ्याच बाहीची सळसळ. मग एके दिवशी पारा उतरता उतरता टक्, टक्, टक् असा आवाज स्पष्ट आला आणि थोड्या वेळाने विरून गेला. पहिला टक् म्हणजे वरचा आकडा, आवाज संपला तो खालचा. त्यानंतर मला कळले की मापन कानापेक्षाही बसण्यावर अवलंबून असते: पाच मिनिटे शांत बसलेला माणूस, पाठीला आधार, पाय जमिनीवर टेकलेले, हात हृदयाच्या पातळीवर, तोंड बंद, आणि दंडाच्या मापाचा पट्टा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. विश्रांतीच्या वेळी वरचा आकडा 180 च्या किंवा खालचा 110 च्या वर असेल, तर त्या दिवशी व्यायाम न घेता डॉक्टरांशी संपर्क साधायला सांगणे हेच आपले काम. व्यायामादरम्यान हालणाऱ्या हातावर रक्तदाब मोजणे ही आणखी अवघड गोष्ट आहे आणि ती केवळ चित्रफीत पाहून येत नाही.

मधुमेहाकडे वळते, कारण तुमच्याकडे येणाऱ्यांत त्याचेच प्रमाण मोठे असणार. येथेही पहिला प्रश्न औषधाचा आहे. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर व्यायामाने धोकादायक पातळीपर्यंत उतरणे दुर्मीळ असते. पण इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्याची उतरू शकते, आणि कधी कधी ती व्यायाम संपल्यावर कित्येक तासांनी, रात्री झोपेत उतरते. अशा व्यक्तीची साखर व्यायामापूर्वी 90 च्या खाली असेल तर आधी थोडे खायला लावावे. 70 च्या खाली गेली तर व्यायाम थांबवून लगेच 15 ग्रॅम ग्लुकोज द्यावे आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस गुंगीत असेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर मात्र तोंडात काहीही न घालता रुग्णवाहिका बोलवावी. उलट साखर 250 च्या वर असून रक्तात किंवा लघवीत कीटोन (इन्शुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागले की तयार होणारे पदार्थ) आढळत असतील, तर व्यायामाने परिस्थिती बिघडते. आता यात तुमच्या गृहस्थांचे औषध मिसळून पाहा. साखर उतरल्यावर छातीत धडधडणे आणि हात थरथरणे या धोक्याच्या खुणा बीटा ब्लॉकर झाकून टाकतो. घाम मात्र येतो. हृदयविकार आणि मधुमेह दोन्ही असलेल्या माणसाला अचानक दरदरून घाम फुटला, तर तो व्यायामाचा घाम समजून दुर्लक्ष करू नये, हे दोन रकान्यांच्या यादीत कोठेही लिहिलेले नसते.

पायांचेही तसेच. बरीच वर्षे मधुमेह असलेल्या एक बाई माझ्याकडे चालण्याच्या व्यायामासाठी येत. एके दिवशी चाळीस मिनिटे चालून झाल्यावर त्यांनी बूट काढला तेव्हा पांढऱ्या मोज्यावर अंगठ्याखाली नाण्याएवढा ओला डाग दिसला. बुटातला अस्तराचा तुकडा दुमडला होता आणि त्यावर सगळा वेळ पाय घासून फोड फुटला होता. त्यांना काहीही जाणवले नव्हते, कारण तळव्यांची संवेदना गेलेली होती. तेव्हापासून मधुमेहाच्या प्रत्येक व्यक्तीला मी आधी मोजे काढायला सांगते आणि तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा स्वतः पाहते. लोकांना सुरुवातीला संकोच वाटतो. आपण सहजपणे खाली बसून पाहिले की तो जातो.

आता तुमचा दुसरा पर्याय, म्हणजे अशा लोकांना घेणेच बंद करण्याचा. त्यामागची भीती मला समजते, पण भीतीनेही माणसांचे नुकसान होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून आपण ते मोजत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर काही जणींच्या हातावर लसीका (ऊतींमधला पातळ द्रव) साचून सूज येते, आणि ती वाढेल या धास्तीने अशा स्त्रियांना वर्षानुवर्षे जड काही उचलू नका असे सांगितले जात असे. कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केलेल्या स्त्रियांच्या हाताची सूज वाढली नाही, आणि सूज अचानक बळावण्याचे प्रसंग उलट कमी झाले. हाडांच्या ठिसूळपणाची गोष्ट आणखी बोलकी आहे. 1984 मधल्या एका छोट्या अभ्यासात मणके ठिसूळ झालेल्या ज्या स्त्रियांना पुढे वाकण्याचे व्यायाम दिले होते, त्यांच्यापैकी 89 टक्क्यांना मणक्यांची नवी मोड झाली. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम केलेल्या गटात ते प्रमाण 16 टक्के होते. म्हणजे पोट कमी करण्यासाठी सरसकट दिले जाणारे क्रंचेस येथे घातक ठरू शकतात. पण म्हणून या स्त्रियांनी वजन उचलूच नये असेही नाही. हाडांची घनता कमी झालेल्या, रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांवर झालेल्या लिफ्टमोर या अभ्यासात आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जवळून देखरेख ठेवून भरपूर वजनाचे व्यायाम करवून घेतले, आणि आठ महिन्यांत त्यांच्या कण्याची घनता सुधारली. हाडे तीच, धोका तोच. फरक पडला तो कोणती हालचाल, किती वजन, आणि शेजारी उभे असलेल्याला काय कळते, यामुळे. तुमच्यासारखे कष्टाळू प्रशिक्षक दार लावून घेतील, तर ही माणसे एक तर घरी बसून राहतील, नाही तर तुमच्याहून कमी विचार करणाऱ्याकडे जातील.

तेव्हा घ्या, पण सगळ्यांना आजच नको. प्रत्येक नव्या व्यक्तीच्या पहिल्या भेटीत व्यायाम न घेता तीन गोष्टी विचारायच्या: सध्या तुम्ही नियमित व्यायाम करता का; हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहासारखा चयापचयाचा आजार आहे का, किंवा छातीत दडपण, थोड्या श्रमाने धाप, भोवळ, पायांवर सूज अशी काही लक्षणे आहेत का; आणि तुम्हाला किती जोराचा व्यायाम करायचा आहे. मी वर जिचा उल्लेख केला त्या संस्थेने 2015 मध्ये सुधारलेली पूर्वतपासणी याच तीन प्रश्नांभोवती बांधलेली आहे. लक्षणे असतील, तर आजार माहीत असो वा नसो, आधी डॉक्टर. लक्षणे नाहीत पण आजार आहे आणि माणूस आजवर बसून आहे, तरीही आधी डॉक्टर. एवढे विचारले असते तर तुमचे गृहस्थ दुसऱ्या प्रश्नावरच थांबले असते.

डॉक्टरांकडून 'व्यायाम करण्यास हरकत नाही' अशी एका ओळीची चिठ्ठी आणून घेण्यात अर्थ नाही, कारण त्यांना तुम्ही काय करवून घेणार आहात हेच माहीत नसते. पत्र तुम्ही लिहायचे, अर्ध्या पानाचे: कोणता व्यायाम, आठवड्यातून किती वेळा, बोर्गच्या मोजपट्टीवर किती जोराचा, आणि खाली नेमके प्रश्न. ठोक्यांची किंवा रक्तदाबाची वरची मर्यादा काय, कोणती हालचाल टाळायची, अलीकडे औषधांत बदल झाला आहे का, शेवटची ताण चाचणी (स्ट्रेस टेस्ट) कधी झाली आणि ती औषध चालू असताना केली होती का. माझा अनुभव असा की मोघम पत्राला उत्तर येत नाही आणि नेमक्या पत्राला बहुधा येते. पत्र पाठवताना त्या व्यक्तीची लेखी संमती घ्या. आणि औषध कमी करा, ही गोळी बंद करा, हे दुखणे अमुकचे आहे, अशी वाक्ये आपल्या तोंडून कधीही जाता कामा नयेत, कितीही आग्रह झाला तरी.

अभ्यासाची सुरुवात हृदय आणि मधुमेह या दोन विषयांपासून करा. श्वसनाचे आजार, कर्करोग, पार्किन्सन्स हे नंतर घ्या. त्याआधी मात्र सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबत राहणे) आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) वापरण्याचे प्रशिक्षण घ्या आणि दर काही महिन्यांनी सहकाऱ्यांबरोबर त्याची रंगीत तालीम करा: कोण छाती दाबणार, कोण फोन करणार, कोण दारात उभे राहून रुग्णवाहिकेला वाट दाखवणार. एखाद्या रुग्णालयाच्या हृदय पुनर्वसन विभागात किंवा फिजिओथेरपी विभागात आठवड्यातून एक दिवस निरीक्षक म्हणून उभे राहण्याची परवानगी मागा. तेथे व्यायाम फारसा वेगळा दिसणार नाही. सुरू करण्यापूर्वीचे प्रश्न, मधली नजर आणि संपल्यानंतरची पंधरा मिनिटे वेगळी दिसतील. ते पाहिल्यावर मगच, पदवी किंवा दीर्घ मुदतीचा, प्रत्यक्ष कामाचा अभ्यासक्रम निवडा. जाहिरातीतल्या त्या पाटीशिवाय दोन वर्षे काढलीत तरी काही अडत नाही.

राहिले ते गृहस्थ. त्यांना परत यावेसे वाटते यात मोठा विश्वास आहे, म्हणून त्यांना टाळू नका, आणि लगेच ट्रेडमिलवर चढवूही नका. त्यांना फोन करून त्या दिवशी आपल्याकडून काय चुकले ते सरळ सांगा. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना भोवळीचा प्रसंग कळवला आहे का ते विचारा. नसेल तर आधी ती भेट होऊ द्या, आणि डॉक्टरांनी हृदय पुनर्वसन केंद्रात पाठवले तर काही आठवडे त्यांनी तेथेच व्यायाम करणे इष्ट. त्यानंतर ते तुमच्याकडे येतील तेव्हा येताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे, रुग्णालयातून मिळालेला डिस्चार्जचा कागद आणि डॉक्टरांचे उत्तर सोबत आणायला सांगा. पहिला अर्धा तास टेबलाशी बसून ती पाकिटे एकेक करून वाचा, नावे वहीत लिहून घ्या, आणि शेवट 'लॉल' असलेले नाव सापडले की त्याच्याखाली रेघ ओढा.